घरसाक्षी

पडद्यावरचं हृदय भोपळ्याएवढं मोठं दिसत होतं, आणि ते चालू होतं.

"हे माझं?" आक्कानं विचारलं.

"तुमचंच," डॉ. भुस्कुटे म्हणाले. "आत्ता तुमच्या छातीत चाललंय, अगदी तसंच."

"दिसायला तर काही वाईट नाही."

"दिसायला छानच आहे. पण या दोन नळ्या बघा. पुढची ही जवळजवळ बुजलीय. उजवीकडची अर्ध्याहून जास्त."

आक्का म्हणजे पद्मावती चौगुले. सांगलीतल्या त्यांच्या गल्लीत लहानथोर सगळे तिला आक्काच म्हणत, आणि शेजारी बसलेली तिची मुलगी चारुशीलाही तसंच म्हणायची. चारू सत्तेचाळीस वर्षांची होती, शाळेत भूगोल शिकवायची. वडील गेल्यापासून घरात या दोघीच. आता ज्येष्ठाच्या शेवटी चारूचं लग्न ठरलं होतं, निपाणीच्या वृषभ मगदूम यांच्याशी. आणि वैशाखातच आक्काच्या छातीत कळ आली होती.

पडद्यावर दिसत होतं त्याला प्रतिहृदय म्हणतात. ते जरा सावकाश समजून घेऊ. धरण बांधण्याआधी इंजिनिअर त्याची लहान प्रतिकृती करतात, तिच्यात पाणी सोडतात आणि लोंढा कुठे आदळतो, भिंत कुठे झिजते ते बघतात. खरं धरण फुटून कळण्यापेक्षा टाकीतलं फुटलेलं बरं. प्रतिहृदयाचंही तसंच. रोग्याच्या छातीची चित्रं, रक्ताचा दाब, रक्त किती लवकर गोठतं, हाड किती मजबूत आहे, फुप्फुसं किती हवा घेतात, हे सगळं यंत्रात घालायचं. यंत्र त्या माणसाचं हृदय उभं करतं, तेही एक नाही, हजार. प्रत्येक थोडं वेगळं, कारण उद्या काय होईल हे कुणालाच नक्की माहीत नसतं. कुणाला सर्दी होईल, कुणी पायरी चुकेल. मग त्या हजारांवर एकेक ऑपरेशन करून पाहायचं आणि वर्षभर पुढे चालवायचं. वर्षाच्या शेवटी किती जण चालते राहिले ते मोजायचं. हे सगळं चहा थंड व्हायच्या आत होतं.

"आता वाटा किती आहेत ते सांगतो," डॉक्टर म्हणाले. ते नागपूरकडचे, सांगलीत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. "पहिली वाट जुनी. छातीचं हाड मधोमध उभं कापायचं, दार उघडल्यासारखी छाती उघडायची, आणि दोन्ही बुजलेल्या नळ्यांना वळसा घालणाऱ्या नव्या नळ्या शिवायच्या. काम पक्कं होतं. पण हाड सांधायला तीन महिने. तोवर वजन उचलायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही, सगळं कुणीतरी करायचं."

"आणि दुसरी?"

"दुसरी खिडकीची. डाव्या स्तनाखाली दोन बरगड्यांमध्ये बोटभर लांबीची चीर. हाडाला हात लावायचा नाही. छातीच्या हाडामागे आतून एक चांगली धमनी जाते, ती सोडवून पुढच्या नळीला जोडायची. पण खिडकीतून उजवीकडच्या नळीपर्यंत हात पोचत नाही. मग तिला मनगटातून तार घालून आतून जाळी बसवायची. आठवड्यात घरी. महिन्यात लग्नातसुद्धा बसाल."

आक्का हसली. चारू हसली नाही.

"तिसरी वाट यंत्रमानवाची. चार-पाच भोकं, त्यातून यंत्राचे हात. खिडकीसुद्धा नको. पण त्यासाठी डावं फुप्फुस बराच वेळ मिटून ठेवावं लागतं आणि तुमच्या एका फुप्फुसावर तेवढा वेळ निभावणार नाही. ती सोडून देऊ. पहिली की दुसरी, एवढंच ठरवायचंय."

"मग खिडकी करा की," आक्का म्हणाली. "एवढं विचारताय कशाला?"

"कारण खिडकीबरोबर जाळी येते, आक्का, आणि जाळीबरोबर गोळी. जाळी परकी असते. रक्त तिच्यावर गोठायला बघतं. त्यासाठी एक गोळी सकाळी आणि एक रात्री झोपताना, पेलाभर पाण्याबरोबर. पहाटेच्या वेळी रक्त सर्वांत लवकर गोठतं, म्हणून दुसरी झोपतानाच घ्यायची. संध्याकाळी घेतली तर पहाटेपर्यंत तिचा जोर ओसरतो. दिवसातून एकदाच घ्यायची दुसरी एक गोळी असते, पण तुमच्या रक्ताला ती लागू पडत नाही, तपासून पाहिलंय. मोठ्या ऑपरेशनमध्ये ही भानगड नाही. तिथे सकाळची साधी गोळी पुरते."

मग त्यांनी चारूकडे उत्तरं भरायची एक पाटी सरकवली. "आता काम तुमचं. यंत्राला रक्त कळतं, हाड कळतं. माणूस गोळी घेईल का, ते कळत नाही. रोग्याला विचारलं तर तो स्वतःबद्दल जरा चांगलंच बोलतो, हे आम्ही अनुभवानं शिकलो. म्हणून बरोबर राहणाऱ्या माणसाला विचारतो. त्याला घरसाक्षी म्हणतात. उत्तरं आधी सराव म्हणून भरून बघा, बदलून बघा, काय फरक पडतो ते दिसेल. पक्कं झालं की खाली अंगठा." त्यांना वॉर्डातून बोलावणं आलं. "सावकाश करा," म्हणून ते गेले.

चालणं, जिने, जेवण, झोप. चारूनं उत्तरं भराभर दिली. मग प्रश्न आला: रात्रीची गोळी वर्षभर नियमित घेतली जाईल का?

दर आषाढात बस्तीत, म्हणजे गल्लीजवळच्या जैन मंदिरात, चातुर्मासासाठी आर्यिका माताजी, साध्वी, येत. आक्का श्रीफळ घेऊन त्यांच्यापुढे बसायची आणि नियम घ्यायची. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही, ते दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत. कार्तिकापर्यंत चार महिने. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचा एकही चातुर्मास चुकला नव्हता. चारूच्या वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसूनही तिनं तो पाळला होता. एकदा तापात डॉक्टरांनी रात्रीचं औषध दिलं, तेव्हा ती म्हणाली होती, "ठेवा उशाशी. सकाळी घेते."

चारूनं उत्तर दिलं: नाही.

पडद्यावर हजार-हजार आक्का उभ्या राहिल्या. लहान लहान, हिरव्या ठिपक्यांसारख्या, दोन गटांत. डावीकडच्यांचं मोठं ऑपरेशन झालं होतं, उजवीकडच्यांची खिडकी. महिने पुढे सरकू लागले. डावीकडे सुरुवातीला काही ठिपके विझले, मग गट स्थिरावला. उजवीकडे सगळं शांत होतं. मग महिन्यामागून महिना उजवीकडचे ठिपके विझू लागले. इथे एक, तिथे एक, दिवाळीच्या घरात पणत्या एकेक जाव्यात तसे. वर्षाअखेर उजवीकडच्या हजारांतल्या सत्तर-एक गेल्या होत्या. डावीकडच्या वीस-पंचवीस. खाली अक्षरं आली: मोठं ऑपरेशन योग्य.

चारूनं उत्तर बदललं: हो.

उजवीकडे पंधरा. खिडकी योग्य.

तिनं पुन्हा नाही केलं, पुन्हा हो केलं. सत्तर. पंधरा. तिला कालचा फोन आठवला. वृषभ म्हणाले होते, "मोठं ऑपरेशन ठरलं तर लग्न दिवाळीनंतर करू. चातुर्मासात काही आपल्यात मुहूर्त नाही. आपल्याला कुठे घाई आहे?" एकदा त्यांच्या आईच्या आजारपणात लग्न पुढे गेलं होतं, एकदा त्यांच्या मुलीच्या परीक्षेत. घाई नाही हे ते मायेनं म्हणाले होते. पण चारूला घाई होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"झालं का गं?" आक्कानं विचारलं. ती खुर्चीत मागे टेकून स्वतःचं हृदय बघत बसली होती.

"एवढा एकच राहिलाय. रात्रीची गोळी नियमित घेशील का, म्हणतायत." चारूनं आईकडे पाहिलं नाही. "घेशील म्हणून लिहिते."

आक्का काही बोलली नाही. चारूनं हो वर अंगठा ठेवला.

खिडकीचं ऑपरेशन सुरेख झालं. पाचव्या दिवशी आक्का घरी आली आणि आठवड्याभरात ओट्याशी उभी राहून शेजारणीला सांगू लागली, "बोटाएवढी चीर आहे. दाखवू?" लग्नात ती पहिल्या रांगेत बसली. अक्षता टाकायला उठू नकोस म्हटलं तरी उठली. वृषभ येऊन पाया पडले तेव्हा म्हणाली, "माझी पोर चिडकी आहे. भूगोल शिकवते, पण घरातली वस्तू कुठे ठेवली ते तिला सापडत नाही."

"मला सापडतं," वृषभ म्हणाले. "जमेल आमचं."

सगळे हसले. चारूच्या मनात सत्तर ठिपके होते.

निपाणी काही लांब नाही, दोन-अडीच तासांत सांगली येते. पण पहिला महिना नव्या घरात, नव्या शाळेत गेला. आक्का एकटी राहत होती. शेजारची मुलगी भाजी आणून द्यायची. चारू रोज संध्याकाळी फोन करायची.

"गोळी घेतलीस?"

"घेतली गं."

ती सकाळची की रात्रीची, हे चारू विचारत नसे. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि ऐकलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. आक्काच्या मनगटावर दवाखान्यानं एक पट्टी बांधली होती. औषध रक्तात आहे की नाही, ते ती ओळखायची, आणि चारूच्या फोनवर रोज त्याची खूण उमटायची. चारूनं ती कधी उघडली नाही. आषाढी चौदस, नियम घ्यायचा दिवस, जवळ आली तशी ती एकदा धीर करून म्हणाली, "आक्का, माताजी आल्या असतील ना बस्तीत. या वर्षी नियम…"

"तुमच्याकडे दिवेलागण झाली असेल," आक्का म्हणाली. "जा, सासूच्या फोटोपुढे दिवा लाव." आणि तिनं फोन ठेवला.

वृषभना काहीतरी जाणवत होतं. "तुम्ही रात्री दचकून उठता," ते एकदा चहाच्या वेळी म्हणाले. "माझ्यामुळे असेल तर सांगा."

"तुमच्यामुळे नाही."

"मग आक्कांमुळे? जाऊन राहा की चार दिवस. मी भाकरी करतो. गोल होत नाहीत, पण होतात."

त्यांच्या या चांगुलपणानं तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या घरासाठी अंगठा ठेवला त्या घरात ती मान वर करून बसू शकत नव्हती. पहाटे जाग आली की ती पडल्या पडल्या हिशेब करायची, आत्ता रक्त सर्वांत लवकर गोठतं. आणि फोन वाजतो की काय म्हणून उजाडेपर्यंत तशीच पडून राहायची.

भाद्रपदात तपासणी होती. पर्युषणाचे दिवस. आक्काला रक्त द्यायला आत नेलं आणि डॉ. भुस्कुट्यांनी चारूला पडद्यापुढे बसवलं. ते खुशीत होते.

"हजार हृदयांपासून आपण सुरुवात केली. आता खरं काय घडतंय ते पट्टीवरून कळतं, म्हणून जी हृदयं जुळत नाहीत ती यंत्र बाजूला काढतं. बघा, उरलेली जवळजवळ सगळी हिरवी आहेत. जाळी स्वच्छ. रात्रीची गोळी एकदाही चुकलेली नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. माझ्याकडे इंजिनिअर आहेत, प्राध्यापक आहेत, सगळे चुकतात. तुमच्या आई नाही."

चारूला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त कळेना. पट्टी चुकत असेल. किंवा आक्कानं ती दुसऱ्या कुणाच्या हाताला बांधली असेल. पण आक्का असं करणारी नव्हती. खोटं बोलणारी त्या घरात एकच होती.

"आणि एक चांगली बातमी," डॉक्टर म्हणाले. "यंत्र असंच शिकतं. घरसाक्षीनं काय सांगितलं आणि पुढे काय घडलं, दोन्ही जुळलं की ते उत्तर विश्वासाचं धरलं जातं. तुमचं उत्तर आता शिकवणीत जाणार. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, या पट्ट्यातल्या सत्तरीच्या बायकांबद्दल यंत्राकडे फारशी माहिती नव्हती. आता ते म्हणेल, यांच्या घरच्यांनी गोळी घेतील असं सांगितलं तर बिनधास्त खिडकी करा."

चारूच्या डोळ्यांपुढे बस्तीतल्या संध्याकाळच्या रांगा आल्या. आक्कासारख्याच बायका, सूर्य मावळल्यावर ओठ मिटून बसलेल्या. आणि त्यांच्या मुली, सुना, पाटीवर अंगठा ठेवणाऱ्या. तिला डॉक्टरांना काहीतरी सांगायचं होतं. तेवढ्यात आक्का दंडावर कापूस दाबत बाहेर आली आणि म्हणाली, "चल, ऊन आहे तोवर जेवून घेऊ."

त्या संध्याकाळी चारू सांगलीतच राहिली. सूर्य मावळला. बस्तीतून प्रवचनाचा आवाज येऊ लागला. आक्का पुढच्या सोप्यात पलंगावर पाय पसरून बसली होती.

"प्रवचनाला जायचं नाही का तुला?" चारूनं विचारलं.

"सकाळी जाते मी. संध्याकाळी नियम घेतलेल्या बायका पुढे बसतात. मागे बसायची सवय नाही मला."

चारू जवळ येऊन बसली. "आक्का, तू नियम घेतला नाहीस?"

"नाही."

"का?"

"आता काय सांगू." आक्कानं चादरीची घडी सारखी केली. "माझं हृदय बंद पडायला आलं होतं, कान नव्हे. त्या दिवशी तू काय लिहिलंस ते ऐकलं की मी. आणि ते ठिपकेही बघत होते. एकदा जास्त विझायचे, एकदा कमी. तू चार वेळा करून बघितलंस."

"तू काहीच बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुझं लग्न गेलं असतं दिवाळीवर. तिसऱ्यांदा. तुझ्या तोंडाकडे बघून गप्प बसले. गप्प बसणं म्हणजेही खोटंच ते. मग म्हटलं, आता दोघींचं खोटं कशाला ठेवायचं? तू घेते म्हणून लिहिलंयस, तर घ्यावी. माताजींपुढे गेले आणि सांगितलं, यंदा माझ्यानं होणार नाही. त्या म्हणाल्या, तब्येत आधी. सगळं रीतसर झालं."

"मग ठीकच…"

"ठीक कसलं. पहिल्या रात्री पाणी तोंडात घेतलं आणि उलटी झाली. गोळी पुन्हा घेतली. दुसऱ्या रात्री गेलं. चौथ्या-पाचव्या रात्री सवय झाली बघ. त्याचंच जास्त वाईट वाटलं."

चारूला वाटलं होतं आई रागावेल, किंवा समजून घेईल. आईनं दोन्हींतलं काहीच केलं नव्हतं. तिनं एवढ्या वर्षांचं काहीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं आणि आता त्या रिकाम्या जागेकडे बघत ती रोज संध्याकाळी एकटी बसत होती.

"तुझ्याऐवजी मी पाळते," चारू म्हणाली. "आजपासून. कार्तिकापर्यंत."

"शाळेत बदली शिक्षक पाठवतात तसं?" आक्का हसली. "नियमाला बदली चालत नाही, बाई. आणि तुला चार वाजता भूक लागते, तू काय पाळणार."

"मग मी काय करू?"

"ते मला काय विचारतेस?"

चारूनं फोन घेतला. आक्कापुढेच, पलंगाच्या कडेवर बसून तिनं डॉ. भुस्कुट्यांना फोन लावला. उन्हाळ्यात जे झालं ते सांगितलं. बस्ती, चातुर्मास, सूर्य मावळल्यावर पाणी न घेणं, हे त्यांना पहिल्यापासून समजावून द्यावं लागलं. त्यांनी दोनदा थांबवून विचारलं आणि तिनं वर्गात सांगावं तसं पुन्हा सांगितलं. "आमचं उत्तर शिकवणीतून काढा," ती म्हणाली. "ते खोटं होतं. खरं झालं ते आईनं केलं म्हणून. सगळ्यांच्या आया करणार नाहीत, आणि त्यांनी करावंही का? तुमच्या प्रश्नात आणखी एक घाला: काही नियम आहे का, कोणत्या महिन्यांत, काय काय बंद. आणि हे रोग्यालाच विचारा. बरोबरच्या माणसाला नको."

"तुमच्या नावापुढे 'साक्ष अविश्वसनीय' असं लागेल," डॉक्टर म्हणाले. "पुढे घरात कुणाचं काही झालं, तर तुमचं उत्तर यंत्र घेणार नाही. तुमच्या यजमानांच्या वेळीसुद्धा."

"लागू द्या."

"मला कुणी सांगितलंच नव्हतं हो हे. मी विचारायला हवं होतं." मग त्यांचा आवाज बदलला. "ते असो. आज रात्रीची गोळी घेतली का त्यांनी? काहीही झालं तरी आता थांबवायची नाही. जाळी बसलीय. आता दुसरी वाट नाही."

"देते," चारू म्हणाली.

फोन ठेवून तिनं आक्काकडे पाहिलं. आक्कानं सगळं ऐकलं होतं. उशाजवळच्या डबीतून तिनं गोळी काढून तळहातावर ठेवली होती.

"पाणी आण," ती म्हणाली. "रोज मीच उठून आणते. आज तू आण."

चारू स्वयंपाकघरात गेली. कळशीवर फडकं धरून तिनं पाणी गाळलं, आई गाळायची तसं, पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी धरून बाहेर आणला. बस्तीत प्रवचन संपून बायका नवकार मंत्र म्हणत होत्या, तो आवाज इथपर्यंत येत होता. आक्का तो संपेपर्यंत थांबली. मग तिनं गोळी जिभेवर ठेवली, पेल्यासाठी हात पुढे केला आणि डोळे मिटून सगळं पाणी प्याली.

चारूला तोंड फिरवावंसं वाटलं. तिनं फिरवलं नाही.